बोटांना न कळता सुटलेला तीर

बाबा, तू मला तीन बोटांनी दोरी ओढायला शिकवलंस. त्यातल्या दोन बोटांची जाणीव गेली तरी मी तीर मारणं सोडलं नव्हतं, हे आधी सांगते. मानेतली नस दबली आहे. डहाणूचे डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळा, गेलेलं परत येईल असं धरून चालू नका. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पानं अंगठ्यानेही उलटता येतात, त्यामुळे तिथे फारसं कोणाला कळलं नाही. पण तू गेल्यानंतर मी दर रविवारी तलासरीच्या मैदानावर सरावाला जायला लागले होते, तिथे ते लपणं शक्य नव्हतं. दोरी पुरती ओढायच्या आतच बोटांतून निसटायची.

तिथला प्रशिक्षक माझ्याहून बराच लहान आहे. त्याने मला दोन्ही टोकांना चाकं असलेलं धनुष्य दिलं. तुझ्या बांबूच्या कामठ्यापुढे ते सायकल मोडून बनवल्यासारखं दिसतं. त्याच्या दोरीवर, तीर बसतो तिथे, जाड दोऱ्याचा बोटभरही नाही एवढा फास बांधलेला असतो. त्याला लूप म्हणतात. मुठीत रिलीज नावाचं लहान यंत्र धरायचं, त्याचा आकडा लूपमध्ये अडकवायचा, मागे ओढायचं आणि खटका दाबायचा. आकडा उघडतो, तीर जातो, यंत्र मुठीत राहतं. बोटं दोरीला लागतच नाहीत. मला हेच हवं होतं आणि हेच आवडलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी काय केलं असेल? तुझी मुलगी करणार ते. मळणी उरकल्यावर सायवनच्या खळ्यावर तू केळीचा बुंधा उभा करायचास आणि माझ्यामागे उभा राहून म्हणायचास, "दोरीला काय धरून बसलीस? बैल हाय का तो पळून जायला? बोटं उघड फक्त." मी खटका दाबलाच नाही. गालापर्यंत ओढलं, श्वास थांबवला आणि बोटं उघडली. तीर गेला आणि त्याच्यामागोमाग ते महागडं यंत्रही करवंदीच्या जाळीत गेलं. सरावाला आलेल्या पोरी पोट धरून हसल्या. "ताई, बाण कुठला आणि मशीन कुठलं?" प्रशिक्षक जाळीत हात घालून शोधत म्हणाला, "मॅडम, हे सोडायचं नसतं, हे घरी न्यायचं असतं." मीही हसले. मग त्याने मनगटाला पट्ट्याने बांधायचं रिलीज दिलं. आता मूठ नको होती, खटक्यापुरती तर्जनी पुरे होती.

गेल्या पावसाळ्यानंतर माझे तीर चांगले लागायला लागले. प्रशिक्षक सगळ्यांना सांगतो, खटका ठरवून दाबायचा नाही, तीर आपोआप सुटल्यासारखा सुटला पाहिजे. माझा तसाच सुटायला लागला. "बघा, मॅडमचा कसा सुटतो, त्यांनाही कळत नाही!" त्याने कौतुकाने म्हटलेलं ते वाक्य शब्दशः खरं होतं. तर्जनीची जाणीवही जात होती. मला तेव्हा शंका आली होती का? आली असावी. पण एवढं कौतुक मला क्वचितच मिळालं आहे, आणि तुझ्याकडून तर "ठीक" यापुढे काही मिळालं नव्हतं. मी ते घेतलं.

मग गेल्या महिन्यात एकदा मी दोरी ओढत धनुष्य उचलते आहे, हात अजून वर जातो आहे, नेम धरायचा आहे, आणि तीर गेलेला असतो. लक्ष्याच्या वरून, कुंपणापलीकडे, बांधावर. तिथे एक बाई गवत कापत होती. तीर तिच्या भाऱ्यात घुसला. ती ताठ उभी राहिली आणि ओरडली, "ए बाय, डोळं हायत का फुटलं तुझं? माझी पोरं तू सांभाळशील?" मी कुंपणाशी जाऊन हात जोडले. तिने तीर उपसून माझ्या अंगावर फेकला, भारा डोक्यावर घेतला आणि पुन्हा मागे न बघता गेली. तिचं काही चुकलं नाही.

"बोट खटक्यावर कधी ठेवलंत?" प्रशिक्षकाने विचारलं.

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

मी हात पुढे केला. त्याने तर्जनी दाबली, मग नख रुतवलं, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. म्हणाला, "दुसरं रिलीज येतं, अंगठ्याचं." मी म्हटलं, अंगठाही काही दिवसांचाच आहे. माझ्या मनगटाचा पट्टा त्यानेच सोडला, कारण मला ते बक्कल सुटत नव्हतं.

तुझ्याकडून माझ्याकडे आलेलं एवढंच होतं, बाबा. जमीन भावाकडे गेली, भाषाही मी शहरातली बोलते. आता हेही संपलं. यातून काही शिकावं असं मला दिसत नाही. शोधून पाहिलं.

घरी सांगितलेलं नाही. त्यानंतरचे सगळे रविवार मी नेहमीच्या वेळी पाण्याची बाटली घेऊन निघते आणि नरपडच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली बसून राहते. काल परतल्यावर नवऱ्याने चहा गाळता गाळता विचारलं, "आज कसे लागले?"

मी म्हटलं, "चांगले लागले."