झाकण न उघडलेला ट्रे

ती. ताईस, धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. फोनवर दुखण्याचं विचारलं की तू भोपळ्याच्या वेलाच्या गोष्टी काढतेस, म्हणून लिहितो.

तुला सारखी उन्हाळी लागून ताप येतो, तो बहुधा ज्या जंतूमुळे, त्याच्यावरच आमचं काम चालतं. त्याच्या अंगावर बारीक आकडे असतात; त्यांनी तो मूत्राशयाला आतून चिकटतो. आकड्याच्या टोकाचं प्रथिन साखरेसारखं खड्यात जमलं, तरच क्ष-किरणांनी त्याचा आकार कळतो. वर्षभर खडा जमेना. प्रथिनाचे थेंब झाकणाच्या ट्रेमध्ये जमायला ठेवलेले असतात; आम्ही रोज ते ट्रे उघडून बघायचो.

दोन महिन्यांपूर्वी कपाटात मागे राहून गेलेला एक ट्रे सापडला. देवाचं नाव घेऊन भिंगाखाली धरला, तर सुईच्या टोकाएवढा स्वच्छ खडा.

"काय केलंस?" आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी विचारलं.

"काही नाही. विसरलो होतो."

"मग असाच विसरत जा."

आकार आता कळला. लघवीच्या धारेने ओढलं तर तो आकडा सुटत नाही, उलट घट्ट धरतो. त्यावर औषध निघायला वर्षं लागतील. तू मात्र ताप उतरला की तिसऱ्या दिवशी गोळ्या सोडतेस. मागच्या खेपेला दुखणं मूत्रपिंडापर्यंत गेलं होतं, हे भावोजींनी मला सांगितलं आहे. त्यांना रागावू नकोस. या वेळी गोळ्यांचे सातही दिवस पुरे कर.

लहानपणी विरजणाचं झाकण सारखं उघडलं म्हणून तू मला धपाटा घातला होतास. आता पाळी माझी आहे, पण हात तिथवर पोचत नाही.

तुझा,
धाकटा