इशाऱ्याची दोरी

१८ एप्रिल, सोनाळा

आलो एकदाचा. वरवट बकालपासून एसटीत उभ्यानेच आलो, तरी मन प्रसन्न आहे. उत्तमरावांच्या संत्र्याच्या बागेत रखवालदाराची नोकरी, राहायला पत्र्याची खोली, दारात कडुनिंब, आणि माठातलं पाणी असं गार की दोन तांबे एका दमात गेले. उत्तमराव बोलका माणूस. ठिबकच्या नळ्या कुठे तुंबतात, माकडं कुठून शिरतात, सगळं फिरून दाखवलं. त्यांच्या घरून गीताबाईंनी भाकर आणि ठेचा पाठवला. ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आलं, पण ते सुखाचं.

ही वही म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रातल्या सुचिता मॅडमची आज्ञा. दारूची तलफ आली की तिच्या आधी काय दिसलं, काय ऐकू आलं, कसला वास आला, ते लिहायचं. नऊ महिने झाले, थेंब नाही. पूनम आमच्या समताला घेऊन सुलतानपूरला माहेरी आहे. चार मेला येते म्हणाली. पण तोंडाला वास आला तर आल्या पावली परत, आणि मग कायमची. तिचं काही चुकत नाही.

तलफ : नाही.

२२ एप्रिल

माकडाने माझा साबण पळवला. चावला, थुंकला, आणि मीच फसवल्यासारखं माझ्याकडे बघत बसलं. बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसलो.

तलफ : नाही.

२५ एप्रिल

बागेतली विहीर आटली. उत्तमराव ती खोल करणार, परवा क्रेन येणार. विहिरीपासून पळालो तो विहिरीवरच येऊन पडलो. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

अकरा वर्षं मी विहिरीच्या क्रेनवर होतो. मी वर ब्रेकवर, धाकटा भाऊ गोविंदा खाली. खालच्या माणसाजवळ इशाऱ्याची दोरी असते, वर तिला घंटी. एक झटका म्हणजे थांब, दोन झटके म्हणजे वर घे. दोन वर्षांमागे गोविंदाने दोन झटके दिले. जेवणाची वेळ झाली की तो अशी मस्करी करायचा. मला वाटलं, तीच आहे. हातातली बिडी संपवूनच उठलो. तेवढ्यात काठ खचला, गोविंदा खालीच गाडला गेला.

एवढं लिहिलं आणि तलफ आली. मॅडम, बघा, लपवलं नाही. गुळाचा खडा खाल्ला, तासाभराने उतरली.

२७ एप्रिल

क्रेन आली. मालक खुर्शीदभाई, जुना ओळखीचा. गळ्यातच पडला. म्हणाला, तू इकडं थांबू नको भाऊ, तू आपला झाडाले पाणी दे. पण आवाज बागभर जातो. पहिली बादली वर आली, ओल्या मुरमाचा वास सुटला, आणि घशात देशी दारूची जळजळ. न पिताच. दिवसभर गूळ खाल्ला, आता गुळाचीही शिसारी येते.

२९ एप्रिल

भर दुपारी घंटी वाजली. दोनदा. धावत गेलो. माणसं सगळी झाडाखाली भाकरी खात होती, खाली कोणी नव्हतं. दोरी मात्र हलत होती. खुर्शीदभाई म्हणाला, हवा हाय भाऊ, काऊन घाबरून राह्यला? पान हलत नव्हतं.

तलफ संध्याकाळपर्यंत. मॅडमना फोन लागला नाही. नाही नाही म्हणूनच माणूस किती दमतो.

१ मे

पाणी लागलं. क्रेन गेली, दोरी आणि घंटीही गेली. सुटलो.

पण इथली रीत अशी की पाणी लागलं की विहिरीवरच्या म्हसोबाला नारळ आणि दारूची बाटली. पूजा रविवारी, तोवर बाटली रखवालदाराने सांभाळायची. मी हात जोडले, माझं सगळं सांगितलं. उत्तमराव हसले. म्हणाले, देवाची हाय ते, तुले पियाले थोडीच देऊन राह्यलो. माणूस वाईट नाही, त्याला कळत नाही.

खोलीत घेतली नाही. विहिरीच्या काठावर ठेवली.

२ मे

घंटी. दोनदा. घंटी तर गेली ना?

झोप नाही. हात थरथरतात.

३ मे

काठावर दोरी आहे. ओली. एक टोक खाली पाण्यात, दुसरं बाटलीच्या मानेला बांधलेलं. मी बांधलेली नाही. गाठ उलट्या पिळाची — डावखुऱ्याची — गोविंदा —

सोडवायला गेलो. खालून ओढ आली.

४ मे

पूनमचा फोन. वरवट बकालहून ऑटोत बसल्या. पंधरा मिनिटं.

दोन झटके. बाटली काठावरून सरकली. धरली, नाहीतर गेली असती.

डाव्या हातात बाटली, उजव्याने लिहितोय. लिहीत राहिलं की उतरते म्हणाल्या होत्या मॅडम. उतरत नाही.

पुन्हा दोन. तो खाली आहे. पण या हातांनी कसा ओढू, पेन धरवत नाही. एक घोट घेतला की हात थांबतील. पिण्यासाठी नाही, मॅडम. ओढण्यासाठी. त्याला वर घेतो, मग तोंड धुतो, मग पूनम —

ऑटो थांबली. समता बाबा म्हणून हाका मारतेय.

दोन झटके.

आलो रे. या वेळी उशीर नाही. एवढं झाकण —