गोळ्यांचा डबा

सोलापूर,
गुरुवार, दुपार

प्रिय बुद्धप्रिया,

जय भीम. मावशीने फोन न करता कागद का पाठवला, असं तुला वाटेल. फोनवर मी जेवलीस का आणि ऊन किती आहे, एवढंच विचारते आणि ठेवून देते. जे बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून दुपारची गिऱ्हाइकं जेवून गेल्यावर खानावळीच्या बाकड्यावर बसून लिहिते आहे. चौथी पास बाईचं अक्षर आहे, सांभाळून घे. वाचण्यात मात्र मी कुणाला हार जात नाही. कडक भाकरी बांधायला रद्दी येते, त्यातला कागद वाचल्याशिवाय माझ्याच्याने बांधवत नाही. तुझे भीमाकाका चिडायचे, "पारू, गिऱ्हाईक उपाशी मरतंय आन् तू हितं बातम्या वाचतीस व्हय!" दोन वर्षं झाली, आता कुणी चिडत नाही. कागद सावकाश वाचून होतो.

रविवारी तुझ्या आईचा फोन आला. तू महिनाअखेर हॉस्पिटलची लॅब सोडून बार्शीला शाळेत शिकवायला जाणार, असं ती म्हणाली. शाळेची नोकरी वाईट नाही. पण तू का सोडतेस ते आईला सांगितलं नाहीस, आणि मला वाटतं मला ते ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात मी तुला मटण मार्केटात पाहिलं. पांढरा कोट, हातात बर्फाची पेटी. येडू खाटकाच्या दुकानात तू जंतू तपासायला कापसाची काडी मटण तोडायच्या ओंडक्यावर फिरवत होतीस. येडूचा स्वभाव तुला आता कळला असेल. "ताई, मटण न्यायला आलाय का बोकडाचं पोस्टमार्टम करायला?" सगळे हसले. तूही हसलीस, काडी नळीत घातलीस, झाकण लावून त्यावर नंबर लिहिलास. शेजारच्या दुकानदाराने तर तुला हाकललंच. "सकाळच्या पारी धंद्याला नाट लावू नगा, निगा हितनं." मला वाटलं, आता ही पोरगी रडणार. तू पेटी उचललीस आणि तिसऱ्या दुकानापुढे जाऊन पहिल्यासारखाच नमस्कार केलास. मी लिंबूवालीच्या आडोशाला उभी होते. पुढे येऊन, ही माझी भाची आहे, नीट बोला, असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. पिशवी घेऊन घरी आले. हे एक तुला सांगायचं होतं.

तुझं काम मी पहिल्यांदा पाहिलं ते हॉस्पिटलात, काका तिथं भरती असताना. तू नवीनच लागली होतीस. मी सारखी विचारते म्हणून तू मला लॅबच्या दाराशी नेलंस आणि काचेतून दोन बशा दाखवल्यास. एकीत कुणा दुसऱ्याच्या जखमेतले जंतू होते. त्यावर औषध लावलेल्या कागदाच्या बारक्या टिकल्या, आणि काही टिकल्यांभोवती स्वच्छ गोल जागा सुटलेली. तू म्हणालीस, "मावशी, जिथं जागा मोकळी, तिथं औषध चाललं." दुसरी बशी काकांची होती. तीत एकाही टिकलीभोवती जागा नव्हती. जंतू टिकल्यांना अगदी चिकटून वाढले होते. मला वाचता येत होतं.

ती बशी तू दोनदा केली होतीस, हे मला नंतर तुमच्या वरच्या मॅडमकडून कळलं. पहिल्या वेळी एकही औषध चालेना, तेव्हा तुला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, म्हणून तू पुन्हा पहिल्यापासून केलंस आणि रिपोर्ट एक दिवस पुढे गेला. मॅडम म्हणाल्या, एवढा धीर सगळ्यांकडे नसतो. मी पन्नास माणसांचा रस्सा करते, पण मीठ दुसऱ्यांदा चाखायचा मला कंटाळा येतो. आपल्या माणसाचा जीव टांगलेला असताना तेच काम पुन्हा करायचं, हे मला जमलं नसतं. त्या पोरीचा मला अभिमान वाटला, आजही वाटतो. तू मात्र तो एक दिवस उरावर घेऊन बसलीस. काका गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला दारात उभी राहून परत गेलीस. नंतर आमच्या घरी आलीच नाहीस. मावशी मनात धरून आहे, असं तुला वाटलं असणार. मी बोलावलंही नाही, त्यामुळे ते खरंच वाटलं असेल.

मी का बोलावलं नाही, ते आता सांगते. माझा बिस्किटाचा पत्र्याचा डबा तुला आठवत असेल, फडताळातला. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या की दोन दिवसांत बरं वाटायचं, उरलेल्या मी त्या डब्यात टाकायची. वाया कशाला घालवायच्या? गल्लीत कुणाला ताप आला, फोड आला, की माझ्या दारात. पारूबाईच्या डब्यात गोळी असतीच की, असं म्हणायचे आणि मला मोठेपणा वाटायचा. मटण तोडताना काकांच्या तळहाताला सत्तूर लागला, तेव्हाही मी डबाच काढला. दोन दिवस गोळ्या दिल्या, सूज उतरली, बंद केल्या. पुन्हा सुजला, पुन्हा दिल्या. असं तीनदा झालं. मग हॉस्पिटल. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, आधी कुठलं औषध दिलंय का? मी म्हटलं, न्हाय. सगळ्यांसमोर बोलणी खायची लाज वाटली. त्यांनी नकळत मी दिलेलं तेच औषध सुईतून सुरू केलं. ते चालेना हे तुझा रिपोर्ट येईपर्यंत कुणाला कळलं नाही. तुझा एक दिवस गेला असेल, पोरी. माझे त्याआधीचे सगळे. मी खरं बोलले असते तर काका वाचले असते का, कोण जाणे. ते जंतू डब्याने माजले, ओंडक्यातून आले की हॉस्पिटलातूनच, तेही तुझ्यासारखी सांगू शकेल, मी नाही. पण तू माझ्या जागी शिक्षा भोगते आहेस, एवढं मला कळतं.

परवा मी येडूच्या दुकानापुढे उभी राहून हे सगळं मोठ्याने सांगितलं. गिऱ्हाइकं होती, तरी सांगितलं. येडूने सत्तूर खाली ठेवला. तुला हाकलणारा शेजारीही ऐकत होता. येडू म्हणाला, "मावशी, पोरीला सोमवारी या म्हणावं. गर्दी नसती. पर दुकानाचं नाव कुटं छापू नगा." मी निघताना त्या शेजाऱ्याने विचारलं, ओंडका कशानं धुवायचा असतो? त्याला काय सांगायचं ते मला ठाऊक नाही. ते तुलाच सांगावं लागेल.

तर हे पत्र त्यासाठी. बार्शीला जायचं की नाही ते तू ठरव, पण माझ्या चुकीपायी जाऊ नकोस. सोमवारी ये. मार्केटात जाण्याआधी खानावळीत ये आणि पहिली काडी आपल्या ओंडक्यावर फिरव, काका ज्यावर तोडायचे त्याच. जे निघेल ते लिही, माझ्या खानावळीचं नाव छापलंस तरी चालेल. डबा फडताळातून काढून चुलीशेजारी ठेवला आहे. गोळ्या अजून आत आहेत. गटारात टाकू नका, असं तुम्ही लॅबवाल्यांनी वाटलेल्या कागदावर लिहिलं होतं. तो कागद भाकरीच्या रद्दीत आला, मी वाचला आणि बांधायला न घेता घडी करून ठेवला. आता त्या गोळ्यांचं काय करायचं ते मला माहीत नाही. तू येऊन घेऊन जा.

तुझीच,
पारूमावशी