ठिपक्यावरचं बोट

प्रिय रचनामाय,

जयभीम. हे पत्र आपल्या गल्लीतल्या दुर्गेशच्या हाती देतो आहे. तो सोमवारी नागपूरला कामावर परत जातो, तू शिकवतेस त्या शाळेत येऊन ते तुझ्याच हातात ठेवील. फोनवर सांगितलं असतं, पण घरातला फोन तुझ्या आईजवळ असतो आणि ती तो नेहमी स्पीकरवर ठेवते. राइस मिलमधून करावा म्हटलं, तर तिथं मला माझाच आवाज ऐकू येत नाही. म्हणून आज दुपारच्या सुट्टीत मिलच्या मागं, कोंड्याच्या पोत्यावर कागद ठेवून लिहितो आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

आईची तब्येत तू पाहून गेलीस तशीच आहे. घास हळूहळू गिळते. भाताची पेज करून दिली की म्हणते, "मी का लहान लेकरू हाओ का जी?" आणि मग तीच पिते. त्या दिवशी डॉक्टर सांगत होते की गळ्यातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागेल, तेव्हा तू खिडकीबाहेर पाहत होतीस. मी तुझी पाठ पाहत होतो. तुझी आई तेवढी डॉक्टरकडं पाहत होती. तिनं एकच विचारलं, बुद्धपौर्णिमा होऊ द्याल का. त्यांनी होऊ दिली. पौर्णिमेला विहारासमोर ती गाणार, आणि नंतरच्या आठवड्यात ऑपरेशन. गावात तिनं स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं आहे. नंदाबाईनं डोळ्याला पदर लावला तर तिला म्हणाली, "रडून काऊन राहिली वो? मी मरून नाही राहिली, चूप बसून राहिली."

माझा बास तू लहानपणापासून पाहिलास, पण तो घरात कसा आला हे तुला कधी सांगितलं नाही. गोंदियात एक ऑर्केस्ट्रा बंद पडला, त्यांचं सामान विकायला निघालं होतं. मी गेलो होतो साधी गिटार पाहायला. तिथल्या माणसानं हा लांब मानेचा, चार तारांचा, जड बास माझ्या गळ्यात टाकला आणि म्हणाला, बजाके देखो. मी सगळ्यात जाड तार अंगठ्यानं दाबून सोडली. आवाज कानात आला नाही, छातीत आला. मिलचा मोठा पट्टा फिरायला लागला की पायाखालची जमीन जशी हलते, तसा. मी दुसरं काही पाहिलंच नाही. घरी आणला तेव्हा आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तुझी आई म्हणाली, "हे का आणलं जी? याच्यात तर गाणंच वाजत नाही." मी म्हटलं, गाणं तू गा, हा खाली बसून राहील.

तेव्हापासून आपली भीमगीतांची पार्टी. वीरेंद्र कीबोर्डवर, टिंकू पॅडवर, मी बासवर आणि मध्ये तुझी आई. तिला सूर घ्यायला पेटीची सवय नव्हती. ती माझ्या हाताकडं पाहायची. तिचा सा काळी पाचचा, पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा, म्हणजे माझ्या तिसऱ्या तारेच्या पहिल्या घरात, मानेवरच्या पहिल्या दोन आडव्या पट्ट्यांच्या मध्ये. एकदा कार्यक्रमाआधी तिनं पर्समधून नेलपॉलिश काढलं आणि मानेच्या कडेला, त्या घराजवळ, लाल ठिपका दिला. म्हणाली, "आता तुमचं बोट इथं आलं की मी समजली, माझं घर आलं." तो ठिपका अजून आहे. झिजला की ती नवा देते. तू शाळेतल्या मुलींना सा शिकवतेस, तेव्हा तुला आईचा हा सा आठवतो की नाही, मला माहीत नाही. मला रोज आठवतो.

माझ्या बासच्या आवाजाबद्दल लोक काही बोलत नाहीत, आणि ते मला बरं वाटतं. ट्रेबल पूर्ण बंद, बोट मानेजवळ, तारा जिथं अडकवतात त्या पुलाजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा. त्यानं आवाज घुमत नाही, येतो आणि बसतो. नवीन तारा चमकून वाजतात, त्या मला आवडत नाहीत. त्या गाणाऱ्याच्या शब्दावर शब्द टाकतात. म्हणून मी तारा वर्षानुवर्षं बदलत नसे. वीरेंद्र मला हसायचा, "भाऊजी, तार तुटेल तेव्हाच नवी घेसान का?" आणि तरीही तीन वर्षांपूर्वी मी चांगल्या चालू तारा काढून नव्या बसवल्या, त्याही आधीपेक्षा जाड, हे तुझ्या लक्षात आलं होतं. तू विचारलंसही होतं. मी म्हटलं होतं, जाड तारेचा आवाज गोड. ते खरंच होतं, पण कारण ते नव्हतं.

त्याच्या आधीच्या वर्षी तिरोड्याला कार्यक्रम होता. तू परीक्षेमुळं आली नव्हतीस. दुसऱ्याच गीताला वरच्या ओळीवर तुझ्या आईचा आवाज फुटला. लोकांना फारसं कळलं नाही, डीजेवाल्यानं एको वाढवला होता. पण ती ती ओळ पुन्हा घ्यायला गेली आणि पुन्हा तेच झालं. परत येताना गाडीत ती पॉवर हाऊसच्या चिमणीचे दिवे पाहत बसली होती. घर आल्यावर म्हणाली, "पार्टी बंद करून टाका जी. देवानं, नाही, कोणी दिलं नव्हतं मले, मीच कमावलं होतं. गेलं ते." तिला तसं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. गळ्यात काही आहे हे तेव्हा आम्हाला कुठं माहीत होतं. वय झालं, एवढंच वाटलं.

पुढच्या कार्यक्रमाआधी मी चारही तारा एक घर उतरवल्या, म्हणजे सगळं गाणंच अर्धा सूर खाली येईल. वीरेंद्रला बाजूला घेऊन सांगितलं. त्याच्या कीबोर्डवर तर बटणच असतं, एकदा दाबलं की बोटं त्याच जागी ठेवून सूर खाली येतो. मी बोट सरकवलं असतं तर तिनं पाहिलं असतं. म्हणून बोट तिथंच ठेवलं, ठिपक्यावर, आणि तार ढिली केली. त्या दिवशी ती गायली. वरची ओळ मोकळी आली. गाडीत ती हसत होती, टिंकूच्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, "पाह्यलं का बे, मातारी झाली का मी?"

तेव्हापासून थोडं थोडं करत तीन घरं खाली आलो. पण तार फार ढिली झाली की लोंबते, मानेवर आपटून फडफडते. म्हणून पाच तारांच्या बासचा संच मागवला, त्यातली सगळ्यात बारीक तार ठेवून दिली आणि उरलेल्या चार जाड तारा आपल्या बासवर चढवल्या. त्या खाली उतरवूनही ताठ राहतात. मानेच्या टोकाला जी हाडाची पट्टी असते, तिच्या खाचांत त्या मावेनात, तर मिलमधली बारीक कानस आणून खाचा रुंद केल्या. टिंकू म्हणाला, "काका, पॉवर हाऊसच्या तारा काढून आणल्या का?" तुझी आईही हसली. मी पण हसलो.

प्रत्येक कार्यक्रमाआधी ती मला विचारायची, "पट्टी तेच आहे ना जी?" मी कधीच हो म्हटलं नाही. मी ठिपक्यावर बोट ठेवायचो आणि म्हणायचो, "बोट तिथंच आहे, पाह्य." ती पाहायची आणि मान हलवायची. रविवारी विहारात पंचशील घेताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या शीलाशी, मी आलो की माझा आवाज थोडा आत जातो. शेजारच्याला ऐकू येत नाही इतका. तथागतांसमोर बसून मी स्वतःशी हिशेब लावत नाही. फक्त तिचा चेहरा आठवतो, तिरोड्याहून येतानाचा आणि त्यानंतरचा. मेणबत्ती लावतो आणि उठतो.

आता वीरेंद्र रायपूरला लग्नांत वाजवणाऱ्या पार्टीत लागला आहे, सीझनमध्ये त्याला सुट्टी मिळत नाही. तुझ्या आईनं ठरवलं आहे की पौर्णिमेला कीबोर्डवर रचना बसेल. किती खूश आहे ती, तुला फोनवर कळलंच असेल. पण काल ती अंगणात सुपात तांदूळ निवडत होती, मी बास पुसत होतो, आणि ती सहज म्हणाली, "या वक्ती तुमाले नाही इचारत पट्टीचं. रचनाले इचारीन. ते शिकली आहे, ते खरं सांगते." मी कापड फिरवत राहिलो. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, तांदूळच पाहत होती. तिला काय माहीत आहे आणि काय नाही, हे मला कळत नाही. मी विचारणारही नाही.

म्हणून हे पत्र. तुझा कान शिकलेला आहे, पहिल्या सुरालाच तुला कळेल की आई काळी पाचमध्ये नाही. तिच्याकडं दचकून पाहू नकोस, माय. माझ्या तारेवरूनच सूर मिळव. तीन घरंही आता तिला पुरत नाहीत, दुपारी चुलीपुढं गुणगुणते तेव्हा मी ऐकतो. म्हणून मी तारा अजून एक घर उतरवीन, तूही कीबोर्डचं ते बटण चार घरं खाली ठेव आणि ज्या काचेवर तो आकडा दिसतो, ती झाकून टाक. ती विचारील तेव्हा विहाराचं अंगण भरलेलं असेल, लोक चटयांवर बसलेले असतील. तिला खोटं सांग, असं मी माझ्या लेकीला सांगणार नाही. तू फक्त काळी पाचवर बोट ठेव आणि म्हण, "बोट तिथंच आहे आई, बघ." त्यानंतर ती कोणाला काही विचारू शकणार नाही. येताना लाल नेलपॉलिश घेऊन ये. त्या काळ्या पट्टीवर ठिपका देऊ, म्हणजे तिला दुरूनही दिसेल.

वाट पाहतो,
तुझाच बाबा