रांगेत या

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर आपलं बोलणं औषधं आणि जेवण यांच्यापलीकडे जात नाही, आणि मला विचारायचं असतं ते ओठांवर येईपर्यंत तुला कुणीतरी हाक मारतं. म्हणून लिहायला बसले. भाऊजींचा गुडघा कसा आहे? दुकानात नवा कारागीर मिळाला का, की अजून चष्म्यांच्या काचा स्वतःच घासत बसतात? माझ्या वरच्या मजल्यावर फरशी बदलतायत. दिवसभर ठकठक, त्यामुळे घरी रेकॉर्डिंग करता येत नाही. बाकी बरं चाललंय.

आई नीट जेवते ना?

मी एका गेमला आवाज दिलाय, हे तुला सांगितलं होतं की नाही ते आठवत नाही. नेहमीचं काम तुला माहीतच आहे, लिफ्टमधली बाई, फोनवर थांबा म्हणणारी बाई. हे त्याहून वेगळं. ‘सात खोरी’ नावाचा कॉम्प्युटरवरचा लढाईचा गेम आहे. राक्षस, गरुडावर बसणारे स्वार, मंतरलेले किल्ले, असं सगळं. बुद्धिबळासारखं एकदा तू, एकदा मी, असं त्यात नसतं. तुम्ही लाकूड तोडायला माणसं पाठवेपर्यंत पलीकडचा फौज घेऊन दारात उभा. कुणी कुणासाठी थांबत नाही. मला खेळता येत नाही, करून बघितलं, दोनदा माझी राजधानी जळाली. तर त्यात एक म्हातारी वैद्यीण आहे. जखमी सैनिक तिच्या झोपडीशी नेले की ती त्यांना बरं करते, आणि तिच्यावर क्लिक केलं की बोलते. ती म्हातारी मी.

लिहून दिलेली वाक्यं बोलून झाल्यावर गेमवाल्या बाई म्हणाल्या, “कोणी उगाच पुन्हापुन्हा क्लिक केलं तर ती वैतागायला हवी. लिहिलेलं काही नाही, तुम्हीच बोला काहीतरी.” मी तोंड उघडलं आणि आई बाहेर पडली. डेपोतल्या तिकीट-खिडकीमागची आई. “रांगेत या.” “एकेकानं बोला.” “मला काय दहा हात आहेत?” बाई हसून हसून खाली बसल्या. जंगलातली वैद्यीण अर्धमेल्या शिपायांना रांगेत या म्हणते, हे त्यांना फारच आवडलं.

आता गेम बाहेर पडलाय आणि खेळणाऱ्यांची मतं रोज कंपनीच्या पानावर येतायत. वाचू नयेत असं सगळे सांगतात, मी वाचते. वाचून डोक्याचा भुगा होतो. एक म्हणतो नकाशे डोळ्यांचं पारणं फेडतात, दुसऱ्याची फौज त्याच नकाशातल्या पुलावर अडकून बसते. राक्षस फार ताकदीचे, राक्षस फार मरतुकडे. आणि निम्मी मतं म्हातारीवर. “म्हातारीला गप्प करायची सोय द्या, शाळेतल्या बाई आठवून घाम फुटतो.” त्याच्याच खाली, “गेम सुमार आहे, म्हातारीसाठी खेळतो.” एकीनं लिहिलंय की ती लढाई सोडून म्हातारीला क्लिक करत बसते आणि दर वेळी हरते, पण तिला झोप चांगली लागते. हे कौतुक समजायचं की तक्रार?

पण मी लिहायला बसले ते एका मतामुळे. तसंच्या तसं उतरवते:

“म्हातारी चुकीचं बोलते. ‘मला काय दहा हात आहेत’ हे रागानं म्हणायचं नसतं. म्हणता म्हणता ती माणसाचं पिशवी-बोचकं खिडकीतून आत ओढून घेत असते, म्हणजे त्याचे हात मोकळे होतील. सूर रागाचा, पण राग नाही. हे ज्यांनी ऐकलंय त्यांना लगेच कळतं.”

खाली नाव, चष्मेवाला.

भाऊजी गेम खेळतात? आणि खेळत असले तरी ते असं लिहितील? त्यांचं लिहिणं म्हणजे बिलावरच्या दोन ओळी. मी हे पंधरा वेळा वाचलं आणि मला राग आला की बरं वाटलं, हेच कळेना.

कंपनीला नव्या आवृत्तीसाठी आणखी वाक्यं हवीत. बाईंनी विचारलं, अशी अजून किती आहेत तुमच्याकडे. मी म्हटलं, पुष्कळ. घरी येऊन आठवायला बसले तर तीच तीन. म्हटलं, त्यात काय, आईला विचारून घेऊ. आणि मग मी उठून पंखा बंद केला, आणि परत लावला.

असो. आईला माझा नमस्कार सांग. म्हणजे, तू तिला सांगतेस तसं.

तुझी,
छोटी

•

बुधवार, १७ सप्टेंबर

छोटे,

आशीर्वाद. पत्र मिळालं. ह्यांचा गुडघा तसाच, कारागीर नाही, काचा स्वतःच घासतात. घासून झाल्या की गेम खेळतात. दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागे, आणि आता रविवारी घरीही. ह्या वयात गरुडावर बसून फिरतात. नाव त्यांचं, मत माझं. ते टाइप करत गेले, मी सांगत गेले.

तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर लिहिणार नव्हते.

त्यांनी गेम पहिल्यांदा घरी लावला, त्या रविवारी मी आत चादरी बदलत होते. आई बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसलेली. आणि मला ऐकू आलं, “रांगेत या.” हातातली चादर टाकून मी धावले. छोटे, मला वाटलं ती बोलली. गेल्या हिवाळ्यापासून एक अक्षर नाही, आणि आज बोलली. दारात मी हे मनात म्हणतेय तोच परत तो आवाज आला, आणि तो कॉम्प्युटरमधून होता.

ह्यांना बिचाऱ्यांना काही कळलं नव्हतं. तो आवाज तुझा आहे हे मी दुसऱ्यांदा ऐकल्यावर ओळखलं, त्यांना तेसुद्धा ठाऊक नव्हतं. मी कडाडून म्हटलं, “बंद करा ते.” ते म्हणाले, “अगं, मागे बघ.” आई उठली होती. कुणी हात न धरता उठली होती, आणि ह्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी होती. सरळ, पिशवी धरावी तसा पदर दोन्ही हातांत धरून. जन्मभर खिडकीच्या आत बसलेली बाई, ती बाहेर रांगेत उभी. हसावं की काय करावं ते मला सुचेना. ह्यांनी उठून तिला खुर्ची दिली, ती बसेना. पुढं सरकली आणि उभीच राहिली.

नंतर ते दहा हातांचं वाक्य लागलं. तू ते असं खेकसून बोललीयस की आईचा चेहरा उतरला. मागे मागे जात भिंतीला टेकली. म्हणून मी ते मत लिहिलं. गेमशी मला काही देणंघेणं नाही.

आईचा आवाज जगभरच्या पोराटोरांना द्यायच्या आधी मला एकदा विचारायचं होतंस. पण विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं, आणि मग ती उठली नसती. तेव्हा कशाबद्दल रागवायचं ते मलाही ठरवता येत नाही.

तुझी बाकीची वाक्यं मला माहीत आहेत. पत्रातून देणार नाही. ये आणि घेऊन जा.

ताई

•

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुमच्याकडून परत येऊन आठवडा झाला, सुखरूप पोचल्याचं कळवलं, पण लिहायचं राहिलं ते राहिलंच.

आधी कामाचं. कंपनीनं खेळणाऱ्यांचा कौल घेतला. म्हातारीचा आवाज राहणार, थोडक्यात वाचला. दहा हातांचं वाक्य मी परत बोलले, तू स्वयंपाकघरात उभी राहून दाखवलंस तसं. बाई स्टुडिओच्या काचेपलीकडून म्हणाल्या, “आता राग कळत नाही.” मी म्हटलं, कळायचा नाहीच आहे. त्यांनी दोनदा ऐकलं आणि ठेवून दिलं. तू दिलेल्या नव्या वाक्यांतलं मात्र एकही मी त्यांना दिलं नाही. माझ्याकडे संपली म्हणून सांगितलं. ती मला बोलता येतात, पण का कुणास ठाऊक, त्या खोलीत तोंडातून निघेनात.

आता दुसरं. “रांगेत या” ते काढतायत. बऱ्याच खेळणाऱ्यांचं म्हणणं पडलं की त्यानं जंगलाची जादू मोडते, सरकारी कचेरीत आल्यासारखं वाटतं. बरोबरच आहे त्यांचं. नवी आवृत्ती कॉम्प्युटरवर घेतली की जुनी पुसली जाते, आणि ते वाक्य जातं. घेतली नाही तर भाऊजींना बाकीच्यांबरोबर खेळता येणार नाही, एकट्यानंच खेळावं लागेल. त्यांनी एवढी मोठी फौज उभी केलीय, त्यांना असं सांगायचं माझ्या जिवावर येतं.

तुला वाटेल, एवढं काय त्यात. तुझ्यासमोर मी आईपुढं बसून माझ्या तोंडानं तेच वाक्य म्हटलं, चार-चार वेळा, आणि ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, कॉम्प्युटरकडे बघत होती. तू मला पाणी आणून दिलंस, ते बरं केलंस. मला तेव्हा वाटलं होतं की हे सगळं उचलून फेकून द्यावं. तिला आवाज ओळखू येतो तर ज्या तोंडातून तो येतो ते का नाही? की तिला माझा आवाज ओळखू येतच नाही, तिचाच येतो?

पण त्या दिवशी तू बाजारात गेलीस, तेव्हाचं तुला सांगितलं नाही. भाऊजी म्हणाले, “लावू का?” मी हो म्हटलं. म्हातारी बोलली, आई उठली, येऊन उभी राहिली. तू लिहिलंस अगदी तशी. ते बघताना मला काय करावं ते कळेना. बसून बघत राहणं बरं दिसेना, तिला हात धरून परत न्यावं तर तीही हिंमत होईना. म्हणून मी जाऊन तिच्यामागे उभी राहिले.

भाऊजी खेळत राहिले. मागे वळून बघितलं नाही त्यांनी, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. स्क्रीनवर कुठंतरी किल्ला पडत होता. आम्ही दोघी उभ्या. तिच्या वेणीत तू लावलेली पिन उलटी होती, ती मी सरळ केली.

तेव्हा ती वळली. माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. ओळखलं असं मी म्हणणार नाही, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. रांगेतल्या अनोळखी बाईकडे बघावं तसंही असेल. मग तिनं माझ्या दंडाला धरलं, स्वतः बाजूला झाली आणि मला तिच्यापुढं उभं केलं. पाठीवर हात ठेवून हलकेच पुढं ढकललं. तुला घाई आहे ना, तू हो पुढं, असं करतो ना आपण, तसं.

मी पुढं गेले. समोर भाऊजींची पाठ. मागून तिचा हात अजून तसाच. आणि ताई, तिथं पोचल्यावर काय मागायचं असतं ते मला काही केल्या सुचेना.

ती तिथं कशासाठी उभी राहते, मला माहीत नाही. तिला बरं वाटतं की भीती वाटते, हेही माहीत नाही. तिला असं उभं करत राहणं चांगलं की वाईट, हे दवाखान्यातल्यांना विचारलं तर ते खांदे उडवतील. पण भाऊजींना सांग, इतक्यात नवी आवृत्ती घेऊ नका. मी महिनाअखेर येतेय, तोवर तरी.

तुझी पाठची