थांबली की विसरली

बाबा, तुमच्या जागेवर मला बसवलं होतं. विंगेत, पडद्याच्या दोरीजवळ, जिथं तुम्ही मांडी घालून बसायचा. आता उठवलंय. मधल्या दिवसांत काय झालं ते सांगायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. लिहितो म्हणणं तसं चूक आहे. मी बोलतो आणि फोन लिहितो. मी 'मले' म्हटलं की तो 'मला' लिहितो, 'काहून' म्हटलं की 'का हून' असे दोन तुकडे करतो. मास्तरांना नववीपर्यंत जे जमलं नाही ते या फोननं केलं, माझी भाषा शुद्ध करून टाकली. लोकांचं बोलणं मात्र मी काचेवर बोट फिरवून एकेक अक्षर शोधत घालतो आहे, नाहीतर आपल्या गावची माणसं रेडिओवर बातम्या देताहेत असं वाटायचं.

तुम्ही गेलात तेव्हा मला नुसतं रातांधळेपण होतं. दिवस बुडाला की मी मायचा पदर धरून चालायचो आणि तुम्ही म्हणायचा, मोठा झाला की जाईल. गेलं नाही. मी मात्र जात राहिलो. शाळा सुटली, मग गोसीखुर्दच्या पाण्यावर मासे धरणाऱ्यांच्या डोंग्यात बसलो, मग एकोडीला धान चुरण्याच्या मशीनवर, मग हैदराबादला मंडप बांधायला. एका जागी बूड टेकत नाही म्हणून मायनं शिव्या घातल्या. तिला वाटायचं अंगात वारं आहे. होतंही. पण थोडं असंही होतं की एका ठिकाणी फार दिवस राहिलं की लोकांच्या लक्षात यायचं, हा पोट्टा बाजूनं आलेला माणूस पाहत नाही, ठेचाळतो. लक्षात यायच्या आत मी निघायचो. मंडपाच्या शिडीवरून पडलो तेव्हा निघायची सोय राहिली नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, याला औषध नाही. आधी बाजूचं गेलं होतं. मग नळीतून पाहावं तसं दिसायचं. मग नळीचं तोंडही बुजलं. हैदराबादमध्ये एका चौकात इराणी चहा मिळायचा, त्याच्यावर साय कशी धरते ते मला अजून दिसतं, पण ते असू द्या.

भंडाऱ्याला एका शिबिरात मला हा फोन शिकवला. शिकवणारे सरही आंधळेच. काचेवर बोट ठेवलं की जे बोटाखाली असेल ते आतली बाई बोलून दाखवते. उघडायचं असेल तर दोनदा टिचकी, पुढं जायचं असेल तर बोट उजवीकडे सरकवायचं. एवढंच. ते एवढंच शिकताना मी फोन दोनदा भिंतीवर फेकला. तिला काय वाचावं आणि काय वाचू नये ते समजत नाही. वेळ, बॅटरी, बटण, कोणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण, कोणी गेल्याचा मेसेज, मसाल्याची जाहिरात, सगळं एका सुरात. शिबिरातले बाकीचे वैतागायचे. मला मात्र त्या सुराची कुठंतरी ओळख होती.

आपली चूल आहे. माय लाखोरीच्या डाळीचे वडे तळून राहिली आहे. तुम्ही पाटावर बसून नाटकाचं पुस्तक वाचताय, सरावासाठी, कारण मंडईला, दिवाळीनंतरच्या आपल्या जत्रेला, नाटक आहे आणि नट पाठ करून येणार नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. "नाही, मी माझ्या लेकराला टाकून जाणार नाही, रडते, मला मारून टाका, पाया पडते." सगळं एका दमात, सरळ. माय झारा हातात घेऊन वळते.

"जीव टाका ना जी त्याच्यात थोडा. बाई मरून राहिली, अन् तुमी धानाचा भाव सांगून राहिले."

तुम्ही गरम वडा या हातातून त्या हातात फेकत म्हणता, "म्या जीव टाकला तं नटानं काय टाकाव?"

आणि मग तुम्ही त्या नव्या नटाची गोष्ट सांगता, ज्याला तुम्ही विंगेतून सगळं वाचून दिलं आणि त्यानंही सगळं म्हटलं, "आई, मी आलो, रडत खाली बसतो," आणि उभाच राहिला. माय इतकी हसते की वडा करपतो. तो वडा मी खाल्ला. करपलेला होता तरी मला तोच हवा होता.

या वर्षी आपल्या गावच्या मंडळानं मंडईला नाटक धरलं. दिग्दर्शक काका, तुमचे दोस्त, जन्मभर खलनायकाचं काम केलेले. दम लागतो, पण आवाज तोच. मी घरी बसून होतो, माझ्या खाटेजवळ येऊन म्हणाले, "प्रॉम्टिंग करशीन का बे? तुह्या बापाच्या जागेवर दोन-तीन पोट्टे बसवून पाहिले. सारे एक डोळा पुस्तकात अन् एक डोळा मोबाइलवर ठेवते. तुले तं तो डोळ्याचा त्रासच नाई."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी उठून गेलो असतो. त्यांच्या तोंडून मला हसू आलं, किती दिवसांनी. बाबा, मला त्या दिवशी वाटलं की झालं, आता मी कुठं जाणार नाही. एका कानात बाई वाचेल, ते मी नटाला देईन. मला गावात बसायला एक जागा असेल आणि तिथं मी आंधळा म्हणून बसलेला नसेन, प्रॉम्प्टर म्हणून बसलेला असेन. फक्त एवढंच पाहिजे होतं.

नाटकाची फाइल आली. बाईनं ती उघडली आणि वाचायला लागली, "के, एस, स्लॅश, कंस सुरू, एक्स, एक्स." मी काकांकडे गेलो, म्हटलं, काका, फाइल खराब आहे.

"आण इकडं." त्यांनी चष्मा घातला. "हे पाय, प्रवेश पहिला. पाटलाच्या वाड्याचं अंगण. बराबर तं दिसून राहिलं."

"मले ऐकू येत नाई ना बरोबर."

"मंग कान दाखव डॉक्टरले. डोळे झाले, आता कान." पण मग त्यांनी फोन कानाला लावला. "हे काय टिटवीवानी बोलून राहिली बे?"

पवनीला ज्यानं टाइप केलं होतं त्यानं सांगितलं, अक्षर जुन्या फाँटमधलं आहे, पाहायला मराठी, आतून इंग्रजी. त्यानं ते बदलून दिलं, पण बदलताना रफार उडून भलत्या अक्षरावर बसले, वेलांट्या शेजारच्या घरी गेल्या. मी ते सगळं ऐकून ऐकून दुरुस्त केलं. एक एक ओळ. किती दिवस लागले ते सोडा, पण त्या दिवसांत मी कुठं जावं असं मला वाटलं नाही. नाटक जवळजवळ पाठ झालं. माय म्हणाली, "झोपेतबी तू पाटलाचं बोलून राहिला होता."

तालीम दुपारी समाजमंदिरात. पहिल्या दिवशी मजाच झाली. बाई कानात जे बोलेल ते माझ्या तोंडातून निघत होतं, आणि तेवढ्यात ती मध्येच म्हणाली आणि मीही म्हटलं, आणि पाटील झालेला गडी छाती काढून ओरडला, "सूनबाई, या घराण्याची इज्जत बॅटरी पंधरा टक्के!" सगळे लोळायचे बाकी. काका म्हणाले, "राहू दे, राहू दे, अशी टाळी तं मले जन्मात नाई पडली." मीही हसलो. घरी जाऊन फोनच्या सगळ्या सूचना बंद केल्या. वाटलं, शिकतो आहे मी.

मग वडशाहून नटी आली. मंडळात बायका नाहीत म्हणून बाहेरून आणावी लागते, तुमच्या वेळीही तसंच होतं. आवाज चांगला, पाठांतर चांगलं. शेवटच्या प्रवेशात तिचा मुलगा गेल्याचं तिला सांगतात आणि तिचं वाक्य आहे. ती बोलली नाही. मी ऐकतो आहे, कुठं काही नाही, बाकावरचा पंखा फिरतो आहे. मला वाटलं अडली. मी वाक्य दिलं. ती म्हणाली, "भाऊ, येते मले. थांबली होती मी." मी म्हटलं, बरं बरं. पुन्हा घेतलं. पुन्हा तीच शांतता, या वेळी जास्त लांब. मी दात आवळून बसलो. पण समजा खरंच विसरली असेल तर? सगळे म्हणतील, आंधळ्याला सापडलं नाही. मी दिलं. तिनं श्वास सोडला नुसता. तिसऱ्यांदा मी ठरवलं, आता द्यायचंच नाही, आणि या वेळी ती खरंच विसरली होती. उभी राहिली बिचारी. शेवटी काकांनी खालून वाक्य फेकलं. ती म्हणाली, कोणावर रागावून नाही, थकून, "असं कसं होईन जी? मी थांबली तं तुमी बोलते, अडली तं चूप बसते. मी रडू कशी?"

तेव्हा मला तुमचं ते आठवलं. असंच समाजमंदिर, अशीच दुपार, मी तुमच्या मांडीला टेकून पुस्तकात पाहतो आहे आणि समोर नट गप्प उभा आहे. मला पुढचं वाक्य दिसत होतं, मी मोठ्यानं सांगून टाकलं. तुम्ही माझा कान धरला. तुम्ही कधी कान धरायचा नाही. "तो विसरला नाई ना बे. थांबला हाय. पुस्तकात काय पाह्यतं, त्याच्या तोंडाकडं पाय. विसरला का माणूस मह्याकडं पाह्यते. थांबला का पाह्यत नाई."

म्हणजे तुम्ही पुस्तक वाचतच नव्हता, बाबा. ते तुम्हाला पाठच असायचं. तुम्ही सगळा वेळ नटाच्या डोळ्यांकडे पाहत बसायचा. लोकांना वाटतं प्रॉम्प्टर वाचतो. मलाही वाटलं. पुस्तक वाचायला मला बाई मिळाली, ती रात्रंदिवस वाचेल, दमणार नाही. नटी माझ्याकडे पाहते आहे की नाही ते ती सांगत नाही. मी तिला विचारू तरी कसं? कॅमेरा धरला तर ती म्हणते, "एक व्यक्ती, घरात." बस.

मी खूप विचार केला. नटीनं अडलं की पायानं ठोका द्यावा, असंही सुचवलं. ती चांगली होती, हो म्हणाली. पण अडलेल्या माणसाला अडल्याचं तेवढं भान राहतं का? दुसऱ्या दिवशी ठोका द्यायचंच विसरली. मग काकांनी शेजारची बारावीतली पोरगी आणली. ती डोळ्यांनी पाहील आणि मी तिच्याजवळ बसेन, तिला शिकवेन, असं ठरलं. म्हणजे काकांनी ठरवलं. माझा हात धरून त्यांनी मला वीतभर बाजूला सरकवलं आणि तिला दोरीजवळ बसवलं. ते वीतभर मला अजून मांडीखाली जाणवतं. वाईट कोणी बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो.

काका म्हणाले, "हिचा आवाज लय मोठा येते. तुह्या बापाचा कसा जाये, नटाले ऐकू येये अन् पयल्या लायनीत बसलेल्याले नाई. त्याच्यावानी करून दाखव बरं हिले. तुह्या कानात तं बसला असन तो."

मी तोंड उघडलं. आणि मिटलं. पोरगी वाट पाहत होती. काका म्हणाले, "घ्या, रुसला. बापावरच गेला." मी काठी घेतली आणि बाहेर आलो, बस मिळाली तिच्यात बसलो.

आता गोसीखुर्दला आहे, धरणात गाव गेलेल्यांच्या वस्तीत, डोंग्यावरच्या जुन्या दोस्ताकडे. तो सकाळी पाण्यावर जातो, मी ओट्यावर बसतो. नाटक परवा आहे. काकांचा रोज फोन येतो, "ये बे, किती रुसशीन? जागा ठेवली हाय तुही बाजूची." मी येतो म्हणतो. जाणार नाही. पुढं काय करू ते मला समजत नाही. कुठं निघावं असंही वाटत नाही, आणि हे मला आधी कधी झालं नव्हतं. जिथं जाईन तिथं हाच अंधार आणि हीच बाई.

हे कुठं पाठवायचं नाही. पाठवायला तुमचा नंबर कधी नव्हताच, आपल्या घरी तेव्हा फोन कुठं होता. एवढं एक सांगून ठेवतो. त्या दिवशी मी रुसलो नव्हतो. तुमच्यासारखं करून दाखवायला मी तुमचा आवाज आत शोधला. तुमची वाक्यं सगळी आली, चुलीजवळची, समाजमंदिरातली, एकही शब्द सुटला नाही. पण बोलत होती ती फोनमधली बाई. तुमचा आवाज माझ्याजवळ राहिलेला नाही, बाबा. हे काकांना सांगण्यापेक्षा रुसलो असं वाटू दिलेलं मला सोपं गेलं.