भगवानरावांचे आभार

१ मे २०१६, सकाळ
आजपासून बदला. शांतपणे घ्यायचा.
दूध सोसायटी बंद पडेपर्यंत मी तिथं फॅट काढायचो. दुधातलं पाणी लॅक्टोमीटर लावून ओळखायचो, माणसातलं न लावता ओळखतो. चेअरमन भगवानराव म्हणजे निव्वळ पाणी. तेही या दुष्काळात.
गुन्हा असा. मार्चमध्ये बायको गेली, सावित्री. दहाव्याला चेअरमन सिरसाळ्याचा दुसरा दहावा उरकून घाईत आले, माईक घेतला आणि श्रद्धांजली मला वाहिली. म्हणाले, राधाकिशनराव आपल्यातून निघून गेले. मी समोरच बसलो होतो, डोकं भादरून. चेअरमनला टोकणार कोण? सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मीही राहिलो. सावित्रीचं नाव एकदाही निघालं नाही. चारचौघांत, माईकवर निघायला पाहिजे होतं.
बाकी दुःख वगैरे नाही. मी केव्हाच सावरलो.

१ मे, संध्याकाळ
वाचनालयाच्या उन्हाळी ज्ञानसत्राचं उद्घाटन. अध्यक्ष अर्थातच भगवानराव. माझा बहिष्कार.
ग्रंथपाल सटवा आमच्या घरच्या खुर्च्या घेऊन गेला. खुर्च्यांवर लक्ष ठेवायला जावं लागलं. याला हजेरी म्हणत नाहीत.

३ मे
चेअरमन दिसले तर नमस्कार करायचा नाही, असं ठरवून बालगोष्टींच्या कार्यक्रमाला गेलो. हात आपोआप जोडले गेले. मान मात्र वाकवली नाही.
थोडी वाकवली.

४ मे
शेजारच्या दगडाबाईनं पुन्हा सावित्रीचा हंडा मागितला. टँकरच्या रांगेत लावते म्हणाली. दिला नाही. स्वयंपाकघरात पालथा आहे, बरा आहे. मला बादलीभर पाणी पुरतं. आंघोळ हा सवयीचा भाग आहे.

७ मे
‘आनंदी जीवनाचा मंत्र’ या विषयावर व्याख्यान. नंतर चिठ्ठीवर प्रश्न विचारायचे होते. मी लिहिलं : ‘जिवंत माणसाला भर सभेत मेला म्हणणाऱ्याला कोणता मानसिक आजार असतो?’ खाली सही नाही. आता चेअरमनला तोंड लपवायला जागा मिळणार नाही, ते बघायला पहिल्या रांगेत बसलो.
चिठ्ठी भगवानरावांनीच वाचली. फार मार्मिक प्रश्न हाय, म्हणाले. असली माणसं आपल्या राजकारणात लई झाली, असंही म्हणाले. टाळ्या पडल्या. लोक वाजवत होते म्हणून मीही वाजवल्या.

१० मे
संधी चालून आली. समारोपाचे आभार मानायला कुणी तयार नाही. आभाराला लोक उठून जातात, म्हणून सटवा माणूस शोधत होता. मी हो म्हणालो. सटवा माझ्याकडे बघतच राहिला. एवढ्या वर्षांत मी माईकला हात लावलेला नाही.
योजना साधी आहे. सगळ्यांचे आभार मानून झाले की शेवटी शांतपणे म्हणायचं, ‘आणि कैलासवासी भगवानराव.’ पुढं म्हणायचं, ‘माफ करा, चूक झाली. चूक कुणाचीही होते. दहाव्याला तर होतेच.’ मग सावित्रीचं नाव घ्यायचं, पूर्ण, आणि खाली बसायचं.

१२ मे
दिवसभर तालीम. भिंतीपलीकडून दगडाबाईनं ऐकलं. येऊन विचारलं, भाऊजी, चेअरमन कधी वारले? मी खुलासा केला नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, जेवण नीट करीत जा. थोड्या वेळानं भाकरी अन् ठेचा पाठवला. ठेचा कडक होता. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यामुळं.

१४ मे, दुपार
धोतराला इस्त्री केली. आज भगवानरावांचा शेवट.

१४ मे, संध्याकाळ
झालं ते असं. पटांगण भरलेलं. कडुनिंबाला दोन कर्णे बांधलेले. मुलांची गाणी झाली, बक्षिसं झाली, भगवानरावांचं भाषण तर संपता संपेना. माझं नाव पुकारलं. ग्रामपंचायतीचे आभार मानले, मंडपवाल्याचे मानले. लोक चुळबुळ करायला लागले. मी ‘कै’ उच्चारलं.
तेवढ्यात वेशीवर टँकरचा हॉर्न वाजला.
सगळं पटांगण उठलं. बायका धावल्या, पोरं धावली, पाहुणेसुद्धा धावले. आणि माझ्या तोंडून माईकवर गेलं :
“सावित्री, हंडा घे. टँकर आलाय.”
दोन्ही कर्ण्यांतून गेलं. विहिरीपर्यंत गेलं. पळणारी माणसं जागच्या जागी थांबली. हॉर्नही थांबला. मला पुढचं काही आठवेना. खाली बसलो.
पाठमोरी दगडाबाई म्हणाली, “राहू द्या भाऊजी. मी लावते त्यांचा हंडा.” आणि आमच्या घराकडं वळली.

१४ मे, दिवेलागण
दारात भगवानराव. खांद्यावर सावित्रीचा हंडा, पांढरा कडक सदरा अर्धा भिजलेला. दगडाबाईच्या हातून त्यांनीच घेतला म्हणे. हंड्यावरचं नाव त्यांनी चष्मा वर करून, अक्षर लावत वाचलं.
“सावित्रीबाई राधाकिशन. ह्यांचाच हाय न्हवं? कुठं ठेवू?”
दहाव्याचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. मी कोपरा दाखवला. चहा विचारला. बिनदुधाचा प्यायले, गेले.
नीट विचार केला तर विजय माझाच आहे. साक्षात चेअरमनला माझ्या घरी पाणी भरायला लावलं. नावही त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. माईक नव्हता, एवढंच.

१५ मे, सकाळ
हंडा रिकामा. पाणी सगळं उंबऱ्यापर्यंत वाहून गेलेलं. बुडाला बारीक भोक आहे.
भगवानरावांनीच पाडलं असणार, या निष्कर्षावर आलो होतो. दगडाबाईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, भोक जुनंच हाय, सावित्रीबाई रोज भरायच्या आधी त्याला ओला साबण दाबून लावायची, तुमाला म्हाईत न्हाई?
माहीत नव्हतं.
मोरीत तिचा साबण होता, वाळून तडकलेला. भिजवला, दाबून लावला, तांब्याभर पाणी ओतून बराच वेळ बघत बसलो.
गळायचं थांबलं. हंड्याचं.